धागा: पाऊस लागल्यापासून रीफ टाकीचा पीएच ७.९ च्या वर जात नाही

माडीवरचा_समुद्र (शहापूर, बेळगाव)

सर्व सभासदांना नमस्कार. माझी दोनशे लिटरची समुद्री टाकी गेल्या दिवाळीपासून घराच्या माडीवर चालू आहे. तीत झोअँथिड, मशरूम आणि एक लेदर असे मऊ प्रवाळ असून खडकांवर जांभळे कोरलाईन शेवाळ चांगले पसरले आहे. एप्रिलपर्यंत पीएच (पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा; तो उतरला की पाणी आम्लाकडे झुकते) सकाळी ८.० आणि सायंकाळी ८.२ असा असे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने झड धरली तसा तो उतरत गेला आणि आता पहाटे ७.७२, तर दिवे मालवण्यापूर्वी फार तर ७.९० एवढाच दिसतो. त्या वेळी मोजलेली अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता; डीकेएच हे तिचे एकक) ८.२ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३०० आणि क्षारता ३५ होती. म्हणजे बाकी सर्व जागच्या जागी होते.

जिथून मीठ आणतो त्या दुकानातल्या सल्ल्यावरून पीएच वाढवणारी बफर पूड सलग सहा दिवस टाकली. दर वेळी दोन-तीन तास आकडा चढे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा होता तिथेच येई. सातव्या दिवशी अल्कलिनिटी १२.४ भरली, हीटरवर पांढरा पापुद्रा धरला आणि रिटर्न पंप बंद पडला. पंप उघडला तेव्हा आतल्या चाकाच्या दांड्यावर चुन्याची खपली इतकी घट्ट बसली होती की ती व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवूनच निघाली. कोरलाईनच्या कडाही पांढऱ्या पडू लागल्या आहेत. पूड आता बंद केली आहे. आमच्याकडे राकसकोप धरणाचे पाणी येते, परंतु मी ते आरओ आणि डीआय करून, म्हणजे त्यातले क्षार काढूनच वापरतो, त्यामुळे दोष पाण्याचा असेल असे वाटत नाही. पुढे काय करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रसायन_मास्तर (टिळकवाडी)

आपण पूड थांबवलीत हे उत्तम केलेत. दोष पाण्याचा नाही आणि मिठाचाही नाही. माझा संशय आपल्या घरातल्या हवेवर आहे. शाळेतला एक प्रयोग आपणा सर्वांना आठवत असेल. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, कारण उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तीत विरघळतो. घरातली माणसे रात्रंदिवस हाच उच्छ्वास खोलीत सोडत असतात, आणि आपला स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातली घाण काढणारे यंत्र) तीच हवा ओढून बुडबुड्यांच्या रूपाने टाकीत मिसळत असतो. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचे कार्बोनिक आम्ल होते आणि सामू उतरतो. (मी आयुष्यभर वर्गात सामू म्हणत आलो, इथे सर्वजण पीएच म्हणतात म्हणून पुढे तसेच लिहितो.)

बाहेरच्या मोकळ्या हवेत या वायूचे प्रमाण आज दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग आहे. दारे-खिडक्या लावून चार-पाच माणसे झोपलेल्या घरात ते १२०० ते १५०० पर्यंत सहज जाते. अल्कलिनिटी स्थिर असताना हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर समुद्राच्या पाण्याचा पीएच साधारण ०.२५ ते ०.३ ने उतरतो. ४२० पासून १५०० पर्यंत जवळजवळ दोनदा दुप्पट होते, म्हणजे ८.२ वर असणारे पाणी ७.७ च्या आसपास यावे, आणि आपण दिलेले पहाटेचे आकडे त्याच्याशी जुळतात. बेळगावात उन्हाळाभर खिडक्या सताड उघड्या असतात आणि पाऊस लागला की चार महिने त्या बंद होतात, हे आपल्याला ठाऊक आहेच.

आता पूड का लागू पडली नाही ते पाहा. आपण अल्कलिनिटी ८.२ वरून १२.४ वर, म्हणजे दीडपट नेलीत. हवा तीच राहिली तर अल्कलिनिटी दीडपट झाल्याने पीएच टिकाऊ स्वरूपात वाढतो तो जेमतेम ०.१५. पूड टाकल्यावर जी तात्पुरती उडी दिसते, ती हवेतला वायू पुन्हा विरघळेपर्यंतचीच असते. एवढ्याशा लाभासाठी कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात टिकेनासे झाले आणि जिथे उष्णता व घर्षण असते तिथे, म्हणजे हीटरवर आणि पंपात, जाऊन बसले.

तरी माझ्या तर्कावर विसंबू नका, पडताळा घ्या. टाकीतले पाणी एका भांड्यात काढून पीएच मोजा. मग ते गच्चीवर किंवा परसात नेऊन त्यात एअर पंपाने तासभर बुडबुडे सोडा आणि पुन्हा मोजा. दुसरे भांडे टाकीशेजारीच ठेवून तसेच करा. बाहेरच्या भांड्यात पीएच चढला आणि आतल्यात चढला नाही, तर घरची हवा दोषी आहे. दोन्हींत चढला, तर टाकीत हवा पुरेशी खेळत नाही. स्किमर आणि पृष्ठभागावरचा प्रवाह पाहावा लागेल. कशातच चढला नाही, तर मीटर किंवा अल्कलिनिटीचे मोजमाप चुकते आहे.

मीटरचे म्हणाल तर तो ७ आणि १० अशा ठरावीक पीएचच्या दोन्ही बफर द्रावणांवर जुळवलेला हवा. नुसत्या ७ वर जुळवलेला मीटर ८ च्या पुढे काय दाखवील याचा भरवसा नसतो. शिवाय १० चे द्रावण उघडे राहिले की हवेतला हाच वायू शोषून स्वतःच उतरते. पडताळ्यासाठी शुद्ध टाकणखार ३.८ ग्रॅम वजन करून एक लिटर डीआय पाण्यात विरघळवावा. २५ अंश सेल्सिअसला त्याचा पीएच ९.१८ असतो, आणि तो दीर्घकाळ फारसा हलत नाही.

खानापूरकर

मास्तरांना दोन शंका विचारतो. आपला भाग समुद्रसपाटीपासून सातशे-साडेसातशे मीटर उंच आहे. हवा विरळ असल्यामुळे हा प्रश्न आपल्याकडेच अधिक येतो का? आणि बफर पूड महाग पडते म्हणून मी वर्षभर खाण्याचा सोडा वापरतो आहे. पीएच मात्र कधीच चढलेला दिसला नाही. सोड्यातच भेसळ असावी काय?

रसायन_मास्तर (टिळकवाडी)

उंचीचा परिणाम उलट दिशेने होतो. बेळगावात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ९२ टक्के असतो, त्यामुळे पाण्यावर येणारा कार्बन डायऑक्साइडचा दाबही तितकाच कमी असतो आणि पीएच दोन-तीन शतांशांनी वरच राहायला हवा. ऑक्सिजन मात्र त्याच प्रमाणात कमी विरघळतो, म्हणून आपल्याकडे पाणी अधिक खेळते ठेवावे, एवढाच बोध त्यातून घ्यावा.

सोड्यात भेसळ नाही. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याने अल्कलिनिटी वाढते, परंतु टाकल्याक्षणी पीएच किंचित उतरतो. तोच सोडा पसरट ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर भाजला, तर त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याच्या सोड्यातले द्रव्य, उरते. त्याने अल्कलिनिटीही वाढते आणि पीएचही. तोही अल्कलिनिटी खरोखर कमी असेल तरच टाकावा. पीएचच्या आकड्याकडे पाहून टाकलेला कोणताही सोडा शेवटी हीटरवरच जाऊन बसतो.

माडीवरचा_समुद्र (शहापूर, बेळगाव)

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे काल प्रयोग केला. मधल्या आठवड्यात दोन वेळा पाणी बदलल्याने अल्कलिनिटी आता ९.६ आहे. टाकीतून काढले तेव्हा पाण्याचा पीएच ७.७९ होता. टाकीशेजारच्या भांड्यात तासाभराने ७.८१ झाला. गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला ठेवलेल्या भांड्यात मात्र तो ८.२६ झाला. मीटर आधी ७ आणि १० वर जुळवून घेतला होता. टाकणखाराच्या द्रावणात त्याने ९.१६ दाखवले.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. आमचे जुने घर कौलारू होते आणि टाकी तिथे उभी केली असती तर हा प्रश्न बहुधा आलाच नसता, कारण कौलांच्या फटींतून वारा सतत वाहत असे. दोन वर्षांपूर्वी स्लॅब घातला आणि सरकत्या काचांच्या खिडक्या बसवल्या. पावसाचा एक थेंब आत येत नाही याचे आम्हाला मोठे कौतुक होते. घरात आम्ही सहाजण असतो.

निवळी_निपाणी

मास्तरांनी चुन्याच्या निवळीचा उल्लेख केवळ प्रयोगापुरता केला, याचे नवल वाटले. माझी टाकी तीन वर्षे निवळीवरच चालते आहे. कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात फार विरघळत नाही, लिटरमागे दीड-पावणेदोन ग्रॅम एवढेच. परंतु त्या पाण्याचा पीएच १२.४ च्या आसपास असतो. बाष्पीभवनाने जितके पाणी कमी होते तितकी निवळी थेंबथेंब सोडली की कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्हींची भरपाई होते, आणि वर पाण्यातला कार्बन डायऑक्साइडही खर्ची पडतो. पीएच रात्री सर्वांत खाली असतो म्हणून मी ती रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतच सोडते.

पद्धत अशी. झाकणाच्या पिंपात आरओचे पाणी घेऊन लिटरमागे दोन ग्रॅम चुना टाकावा, ढवळून तीन-चार तास निवळू द्यावा आणि वरचे नितळ पाणीच वापरावे. तळाचा गाळ ढवळू नये. चुन्यातली बरीचशी अशुद्धे त्यातच बसलेली असतात. झाकण ढिले राहिले तर सकाळी निवळीवर दुधासारखी साय धरलेली दिसते. ती साय म्हणजे हवेशी संयोग होऊन पुन्हा चुनखडी झालेला चुना, आणि त्याचा काही उपयोग नाही.

पानाच्या डबीतला चुना चालेल का, असे मला निदान पाच जणांनी विचारले आहे. मूळ द्रव्य तेच असले, तरी त्यात आणखी काय मिसळले आहे हे डबीवर लिहिलेले नसते आणि ओल्या चुन्याचे वजन करून प्रमाण ठरवता येत नाही. प्रयोगशाळेच्या किंवा खाद्यदर्जाचा कोरडा चुना घ्यावा. ढवळताना डोळ्यांवर चष्मा हवाच. मी एकदा घाईत तो न घालता ढवळले आणि उडालेल्या एका थेंबासाठी वीस मिनिटे नळाखाली डोळा धरून उभी राहिले.

रसायन_मास्तर (टिळकवाडी)

ताई, निवळी उत्तमच आहे, आणि आपली साय मी उद्याच कुणाला तरी उदाहरण म्हणून सांगणार आहे. परंतु ती किती सोडता येईल हे बाष्पीभवनावर अवलंबून असते, आणि पावसाळ्यात नेमके तेच कमी होते. उन्हाळ्यात दोनशे लिटरच्या टाकीतून दिवसाला दोन-तीन लिटर पाणी उडत असेल. जुलैत भिंतींना ओल येते तेव्हा ते एक लिटरही उडत नाही. ज्या महिन्यांत पीएच सर्वांत खाली असतो, त्याच महिन्यांत निवळीला टाकीत जागा नसते. शिवाय मऊ प्रवाळांच्या टाकीत कॅल्शियमचा खप थोडा असतो. पीएचच्या मागे लागून निवळी वाढवली तर अल्कलिनिटी चढून पुन्हा खपल्या धरू लागतील. आणि थेंबांची नळी अडकून एक लिटर निवळी दोनशे लिटर पाण्यात एकदम गेली, तर पीएच पाव अंकाने उसळेल. खप आहे तिथे निवळी हवीच; इथला रोग हवेचा असल्यामुळे उपायही हवेवर हवा.

निवळी_निपाणी

बाष्पीभवनाचा मुद्दा मान्य. माझ्या वहीत जुलै-ऑगस्टचे आकडे दर वर्षी थोडे खाली दिसतात, ते आता समजले. मात्र माझ्या घरात माणसे दोनच आहेत आणि टाकी सोप्यात आहे, हेही त्याचे कारण असू शकेल.

संचालक

विषयाला धरूनच एक सूचना. धाग्यात पुढे कठीण प्रवाळांची चर्चा निघण्याची शक्यता आहे. खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाईप, फायर कोरल आणि समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवण किंवा नेत्राणी बेटाहून कुणी आणून देतो म्हणतो, अशा स्वरूपाचे संदेश इथे ठेवले जाणार नाहीत.

कॅम्पातला_काचवाला

घरची हवा दोषी ठरली की दोन मार्ग उरतात. पहिला म्हणजे स्किमरच्या हवेच्या नळीला सोडा लाईमचा डबा जोडणे. हे दाणे आत येणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि संपत आले की रंग बदलतात. भूल देण्याच्या यंत्रातही याच कामासाठी ते वापरतात. गुण लगेच येतो, परंतु खर्च थांबत नाही. मी टिळकवाडीतल्या एका टाकीला डबा बसवून दिला होता. पावसाळ्यात दाणे तीन आठवड्यांत संपत, आणि मालकांनी दोन महिन्यांनी तो काढून ठेवला. स्किमरच्या कपातून बाहेर पडणारी हवाच नळीने पुन्हा डब्याकडे वळवली तर दाणे पुष्कळ जास्त टिकतात, कारण मग खोलीतली हवा थोडीच आत येते.

दुसरा मार्ग म्हणजे हवेची नळी थेट खिडकीबाहेर काढणे. याला एकदाच खर्च येतो. मात्र स्किमरबरोबर येणारी बारीक नळी तशीच लांबवू नये. ती लांब झाली की हवा ओढायला जड जाते, बुडबुडे कमी होतात आणि स्किमर अर्धाच चालतो. अर्धा इंची नळी घ्यावी आणि फक्त शेवटच्या वीतभर अंतरात ती बारीक नळीला जोडावी. बाहेरचे तोंड खाली वळवावे, म्हणजे पाऊस आत येणार नाही. ते स्वयंपाकघराच्या चिमणीजवळ किंवा जिथे गाड्या उभ्या राहतात तिथे नसावे. गल्लीत डासांसाठी धूर मारायला गाडी येते त्या दिवशी नळी काढून खोलीत घ्यावी, ही गोष्ट मी प्रत्येक ग्राहकाच्या टाकीवर चिठ्ठी चिकटवून ठेवतो. आणि हे सर्व करण्यापूर्वी स्किमरच्या हवेच्या छिद्रात मीठ धरले आहे का ते पाहावे. ते कोमट पाण्याने धुतले एवढ्यानेच काही टाक्या सुधारल्या आहेत.

खानापूरकर

एक प्रश्न. मऊ प्रवाळांच्या टाकीला ७.८ पीएच असला तर खरोखर बिघडते काय? माझी टाकी वर्षभर तेवढ्यावरच आहे आणि मशरूम वाढून काचेवर आले आहेत.

रसायन_मास्तर (टिळकवाडी)

प्राण जाण्यासारखे काही बिघडत नाही. ७.८ ते ८.५ या पट्ट्यात टाक्या चालतात, आणि पहाटे ७.८ व सायंकाळी ८.० असा चढउतार पाहून मी स्वतः उठून काहीही करणार नाही. दिवसा प्रकाशसंश्लेषणाने कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो आणि रात्री श्वसनाने वाढतो, त्यामुळे हे हेलकावे समुद्रातल्या प्रवाळखडकांवरही असतात. परंतु कोरलाईन शेवाळ, गोगलगायी, नळीत राहणारे किडे ही सर्व मंडळी चुन्याचे कवच घडवतात, आणि पीएच ७.७ च्या खाली रेंगाळला की नेहमीच्या अल्कलिनिटीला त्यांचे घडवणे मंदावते व विरघळणे सुरू होण्याची वेळ जवळ येते. या धाग्यातील टाकी पहाटे ७.७२ वर आहे, म्हणून मी हवेची खटपट सुचवली. आपले मशरूम ७.८ वर सुखी असतील तर त्यांना सुखी राहू द्या आणि सोडा चहाच्या टपरीवरच्या भज्यांसाठी ठेवा.

माडीवरचा_समुद्र (शहापूर, बेळगाव)

दोन आठवड्यांनी लिहीत आहे. काचवाले दादांनी सांगितल्याप्रमाणे अर्धा इंची नळी चार मीटर नेऊन खिडकीच्या चौकटीतून बाहेर काढली आणि तोंड खाली वळवले. त्याबरोबर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजण्याचे एक छोटे यंत्रही घेतले. पहिल्याच रात्री खोलीत त्याने १४६० दाखवले आणि खिडकीबाहेर हात काढून धरले तेव्हा ४३५. नळी जोडल्यावर तीन दिवसांत पहाटेचा पीएच ७.९५ आणि सायंकाळचा ८.१७ झाला. पृष्ठभागावरून घरातली हवा थोडीफार मिसळत राहते म्हणून तो गच्चीवरच्या भांड्याइतका चढत नसावा, असे मी समजतो. अल्कलिनिटी ८.५ वर स्थिरावली आहे.

एका रविवारी मात्र आकडे गडबडले. आईने कुंदा करायला घेतला होता, आणि ज्यांनी तो होताना पाहिला आहे त्यांना माहीत आहे की दूध आटून, करपू न देता तो तांबूस रंगावर येईपर्यंत गॅसपासून हलता येत नाही. दोन्ही शेगड्या अडीच तास चालू, बाहेर मुसळधार पाऊस, दारे-खिडक्या बंद. माडीवरचे यंत्र २३५० वर गेले. टाकीचा पीएच लगेच हलला नाही. तासाभराने उतरू लागला आणि रात्री आठला ८.०१ झाला. नळी नसती तर तो कुठवर गेला असता कोण जाणे.

रसायन_मास्तर (टिळकवाडी)

एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक शेगडी तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस खाते असे धरले, तर दोन शेगड्यांनी अडीच तासांत सव्वादोन किलो वायू घरात सोडला. माणूस दिवसभरात साधारण एक किलो सोडतो. म्हणजे त्या संध्याकाळी आपल्या घरात दोन पाहुणे पूर्ण दिवस राहून गेल्यासारखे झाले. गणपतीत आरतीला पंचवीस माणसे जमतील तेव्हाचेही आकडे कृपया नोंदवावेत. आणि स्वयंपाकघराची एक खिडकी तरी बोटभर उघडी ठेवा, ती टाकीपेक्षा आईंसाठी अधिक गरजेची आहे.

माडीवरचा_समुद्र (शहापूर, बेळगाव)

गणपतीनंतर लिहीत आहे. आरतीच्या वेळी यंत्र १९०० वर गेले, पीएच ८.१२ वरून ८.०४ एवढाच उतरला. परंतु त्यानंतरच्या आठवड्यात पाहुणे गेले, खिडक्या उघडल्या, तरीही पहाटेचा आकडा रोज थोडा थोडा खाली येत ७.८१ झाला. मीटर जुळवला, टाकणखारावर तपासला, बरोबर होता. अल्कलिनिटी ८.४. स्किमर चालू होता, पण कपात फेस अगदी थोडा. शेवटी बाहेरची नळी ओढून काढली. तिच्या तोंडात बोटभर आतपर्यंत कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते, आणि ते इतके सुबक लिंपलेले होते की फोडताना क्षणभर हात थांबला.

कॅम्पातला_काचवाला

तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबराने बांधायला सांगायचे माझ्याकडून राहून गेले, क्षमा असावी. जाळी एकपदरी ठेवा आणि महिन्यातून एकदा झटका. दुपदरी केली तर हवा अडते.

माडीवरचा_समुद्र (शहापूर, बेळगाव)

बांधली. आज पहाटे ७.९६.